वाफेवर दीड मिनिट जास्त

सीतो लाय-हानला जेवायला बोलवायचं म्हणजे होयपिंग गावातले लोक आधी दहादा विचार करायचे. बाई वाईट नव्हती हो, उलट जीव लावणारी. पण घास आत गेला की निकाल बाहेर पडायचाच. "मासा अर्धं मिनिट जास्त वाफवलाय." "बदकाला मीठ आतून लागलेलंच नाही." "ही पेज कुणी ढवळली? हात दुखत होता का त्याचा?" आणि हे सगळं यजमानाच्या तोंडावर, त्याच्याच खुर्चीत बसून. लोक चिडायचे, पाठीमागे नावं ठेवायचे, आणि पुढच्या लग्नाचं पहिलं आमंत्रण तिलाच द्यायचे. कारण लाय-हान एखाद्या पदार्थाला "जमलंय" म्हणाली, की तो आचारी वर्षभर मान ताठ करून गावात फिरायचा.

सोळाव्या वर्षी ती गावातल्या सरकारी चहाघराच्या भटारखान्यात शिरली आणि पन्नासाव्या वर्षी निवृत्त होऊन बाहेर पडली. चौतीस वर्षं एकाच ओट्यापाशी उभी. काम हार-गाओचं. कोळंबी भरलेला हा नाजूक, वाफवलेला पदार्थ, आणि त्याची पारी काही लाटत नाहीत. तेलाचं बोट फिरवलेल्या बोथट सुरीच्या पात्यानं ती एका फटक्यात ओट्यावर पसरतात, इतकी पातळ, की आतली कोळंबी बाहेरून गुलाबी दिसली पाहिजे. मग एका बाजूनं बारीक कळ्या पाडत तोंड मिटायचं. लाय-हानच्या हार-गाओला तेरा कळ्या असायच्या. बारा नाही, चौदा नाही. दिवसाला हजारभर हार-गाओ तिच्या हातून जायचे आणि नवीन आलेल्या पोरी ते मोजून बघायच्या, एकदा तरी चुकेल म्हणून. कुठली चुकतेय!

तिच्या स्वतःच्या लग्नातली गोष्ट तर अजून सांगतात. मासा आला, नवरीनं एक घास घेतला, चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि लाल झग्याचा घोळ दोन्ही हातांनी धरून आचाऱ्याला जाब विचारायला थेट भटारखान्यात गेली. पाहुणे बघतच राहिले. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवरामुलगा क्वान वाय-तुंग मात्र जागेवर बसून हसत होता. तो नदीवर वाळूची बोट चालवायचा, दिवसच्या दिवस पाण्याखेरीज कुणाशी बोलायचा नाही. बोलायचं खातं त्यानं त्याच दिवशी बायकोकडे सोपवलं आणि पुढं चाळीस वर्षं सुखानं ऐकत राहिला.

मग गेल्या वर्षी तिला ताप आला. आठच दिवसांचा, पण जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. वास नाही, चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिना झाला, चार महिने झाले, वर्ष झालं. आणि या काळात लाय-हानला एक नवा शब्द सापडला. "चांगलंय." सूप चांगलंय, भात चांगलाय, शेजारणीनं आणलेला जळका केकसुद्धा चांगलाय. एके दिवशी वाय-तुंगनं घाईत सूपमध्ये मिठाऐवजी साखर टाकली. पहिला घोट घेताच त्याला कळलं आणि त्यानं धसकून तिच्याकडे पाहिलं. तिनं वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "चांगलंय." म्हातारा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला तो अंधार पडेपर्यंत आत आला नाही.

सांगितलं की खायची, सांगितलं तेवढंच खायची. अकरा किलो वजन उतरलं. शिंप्यानं तिच्या विजारी दोनदा आवळून दिल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाला, आता नवीनच शिवा. बाई हळूहळू पुसट होत चाललीय आणि आपण नुसते बघतोय, या विचारानं वाय-तुंगचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, जुन्या ओळखीच्या, उग्र चवीचं काही खायला घालून बघा. त्यानं डोकं खाजवलं आणि त्याला आठवलं, कलेजीचे सिउ-माय! खिम्याचे वाफवलेले, वरून उघडे गोळे, वर डुकराच्या कलेजीचा जाड काप ठेवलेले, आलं आणि मिरपूड घातलेले. लाय-हान भटारखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा शिकली ते हेच. आता कोण करतंय ते! पण बसस्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, ग्वांगचौ शहराच्या जुन्या वस्तीत 'यी-सांग' म्हणून चहाघर आहे, तिथं अजून करतात. रोज सकाळी वाफवायच्या बांबूच्या फक्त तीस करंड्या. साडेसहाला दार उघडतं, सातपर्यंत खलास.

"ग्वांगचौला जाऊ," तो म्हणाला. "सकाळचा चहा प्यायला."

"इथं चहाचा दुष्काळ पडलाय का?"

"फिरणं होईल."

"बरं," ती म्हणाली. पूर्वी अशा प्रस्तावावर तासभर वाद झाला असता.

आदल्या संध्याकाळी दोघं गाडीनं येऊन एका लहानशा लॉजवर उतरले. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची. वाय-तुंगला झोप कसली येतेय! पाचलाच उठून त्यानं दाढी केली, स्वच्छ सदरा घातला आणि बायकोला हलवलं. पावणेसहाला दोघं 'यी-सांग'च्या बंद दारासमोर. त्याला वाटलं होतं आपणच पहिले. कुठले पहिले! चाळीस-पन्नास म्हातारे-म्हाताऱ्या आधीच उभे. कुणी घरून चहाची पुडी आणलेली, कुणी पक्ष्याचा पिंजरा, कुणी घडी केलेलं वर्तमानपत्र. सगळे कसे शांत, हसतमुख, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करणारे. वाय-तुंगला वाटलं, किती सभ्य माणसं ही!

साडेसहाला साखळी खळखळली आणि ती सभ्य माणसं जी सुटली! गुडघे दुखणाऱ्या एका आजीबाईंनी वाय-तुंगला कोपरानं बाजूला केलं आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या घेत वर गेल्या. पिंजरेवाल्यानं पिंजरा डोक्यावर धरून मुसंडी मारली. "अरे, ढकलता काय!" वाय-तुंग ओरडला, आणि मग त्याच्याही अंगात वारं संचारलं. बोटीवरचे पाय होते ते. एका हातानं बायकोचं मनगट पकडून, दुसऱ्या हातातली छत्री पुढं धरून तो जिना चढला आणि खिडकीजवळच्या गोल टेबलावर त्यानं छत्री अक्षरशः फेकली.

"माणूस आहे इथं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

टेबलावर एक बारीक, चष्म्याचे गृहस्थ आधीच पेपर उघडून बसलेले. कसे पोचले देव जाणे. "तीन खुर्च्या रिकाम्या आहेत," ते पेपरातूनच म्हणाले. "ही माझी. वीस वर्षं माझीच आहे. बाकी कुठंही बसा."

हे माक गुरुजी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. ओळख करून घ्यायची रीत नव्हतीच, एका टेबलावर बसलं तरी ज्याचा चहा त्याचा, ज्याची करंडी त्याची. लाय-हान बसली. किटली आली तशी तिनं पहिल्या चहानं वाट्या, कप, चॉपस्टिक्स विसळून घेतल्या आणि पाणी भांड्यात ओतलं. हातांना सवय होती. डोळे मात्र कुठंच नव्हते.

"तू बस. मी आलोच," म्हणून वाय-तुंग टेबलावरचं हिशेबाचं कार्ड घेऊन पळाला. भटारखान्याच्या खिडकीपाशी ही झुंबड. वाफ, आरडाओरडा, करंड्यांचे मनोरे. "सुंदरी! ए सुंदरी! कलेजीचे दोन!" तो ओरडला. तिथं वाढणारी बाई पंचावन्नची असो की पासष्टची, हाक हीच.

"एकच मिळेल देखण्या, मागं रांग बघ!"

"अगं बाई, होयपिंगहून आलोय!"

"मग काय पॅरिसहून आलेल्याला तीन देऊ?" असं म्हणून तिनं दोन करंड्या त्याच्या हातावर ठेवल्या, कार्डावर शिक्का मारला आणि त्याला बाजूला ढकललं. वाय-तुंगच्या मागच्या चार माणसांनंतर खलास! त्या करंड्या छातीशी धरून तो टेबलाकडे आला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता, की माक गुरुजींनीसुद्धा पेपर खाली केला.

झाकण उघडलं. कलेजीची, आल्याची, मिरपुडीची वाफ वर आली. वाय-तुंगच्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांत पण आलं असावं. त्यानं सगळ्यात मोठा सिउ-माय उचलून बायकोच्या वाटीत ठेवला.

"ओळख पाहू."

"कलेजीचे," ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या आवाजात जरा हालचाल झाली. "कुठून काढलेस रे?"

"तू खा आधी."

तिनं खाल्लं. सावकाश चावलं. तो तिच्या जबड्याकडे, भुवयांकडे, नाकाकडे बघत होता. बोटीच्या इंजिनाचा आवाज बदलला की तो असाच कान लावून ऐकायचा. तिनं गिळलं, चहाचा घोट घेतला, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्यासाठी हसली.

"चांगलंय."

संपलं. त्याच्या हातातल्या चॉपस्टिक्स टेबलावर पडल्या. बाजूला पिंजऱ्यातला पक्षी शिट्ट्या घालत होता, लोक हसत होते, करंड्यांच्या ढकलगाड्या टेबलांमधून खडखडत होत्या आणि या माणसाला वाटत होतं, उठावं आणि सरळ घरी जावं. दुसरा सिउ-माय त्यानं तिच्या वाटीत ठेवला नाही. कशाला ठेवायचा?

"काय झालं?" लाय-हान हळूच म्हणाली. "खा ना. गार होतील."

आता माक गुरुजी एरवी परक्याच्या ताटात नाक खुपसणारे नव्हेत. पण समोर माणूस असा एकाएकी विझलेला बघून त्यांना राहवलं नाही. त्यांच्यासमोर हार-गाओची करंडी होती, चारातले दोन खाऊन झालेले. त्यांनी ती लाय-हानपुढं सरकवली.

"घ्या ताई, हे घ्या. पाहुण्या आहात. इथल्या हार-गाओला गेल्या वीस वर्षांत कुणी नाव ठेवलेलं नाही."

नको कसं म्हणायचं म्हणून तिनं एक उचलला. चावला. आणि थांबली.

जबडा थांबला. मग सावकाश पुन्हा हलला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. कपाळावर मधोमध एक उभी आठी पडली. वाय-तुंगनं ती आठी बघितली. वर्षभरात दिसली नव्हती ती.

"मग वीस वर्षं उशीर झाला," लाय-हान म्हणाली.

"कशाला?" माक गुरुजींना कळेना.

"नाव ठेवायला. दीड मिनिट जास्त राहिलाय वाफेवर. पारी दाताला चिकटतेय बघा. आणि कोळंबी! ही कोळंबी आहे की भिजलेला पाव? वाहत्या पाण्याखाली धरलीच नाही धड. दाताखाली टचकन तुटायला हवी, ही नुसती बसतेय."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. "ताई, मी रोज खातो!"

"म्हणून तर कळत नाही तुम्हाला. शेवटचा राहिलाय ना? खा. पुढच्या दातांनी खा, घाई करू नका."

गुरुजींनी रागारागानं शेवटचा हार-गाओ तोंडात घातला. चावला. चष्मा काढला. पुन्हा चावला. "अरेच्चा," ते म्हणाले, आणि गणित चुकलेल्या मुलासारखे रिकाम्या करंडीकडे बघत राहिले.

वाय-तुंग उठून उभाच राहिला. "तुला चव आली?" त्याचा आवाज फाटला. "हान! चव लागली तुला?"

"चव कसली! कागद चावल्यासारखं लागतंय." ती त्याच्याकडे वळली आणि मग वर्षभर दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "काही लागत नाही मला, वाय-तुंग. वर्ष झालं काही लागत नाही. तू एवढा चुलीपाशी खपतोस, तोंडाकडे बघत बसतोस, मग काय सांगू? म्हणून चांगलंय म्हणायची. तू सूपमध्ये काय घातलं होतंस रे त्या दिवशी? तुझं तोंड बघूनच कळलं होतं मला काहीतरी घोटाळा आहे."

"साखर."

"मेल्या!" ती म्हणाली. आणि हसली. पण हात त्याच्या बाहीवर होता. "जीभ गेली म्हणून मी सगळंच गेलं धरून बसले. पण हे बघ, दात आहेत की माझे! चौतीस वर्षं मी काय चवीवर माल पास करत होते? बोटांनी आणि दातांनी करत होते. विसरलेच बघ. बस खाली. ती गाडी थांबव. कोंबडीचे पाय आहेत का तिच्यात?"

होते. वाय-तुंगनं गाडीवर जवळजवळ झडपच घातली. "सुंदरी, हे दे, ते दे, ते काय आहे? तेही दे!" पाच करंड्या एका दमात टेबलावर. गुरुजींनी पेपर घडी करून खुर्चीखाली टाकला, ज्याची करंडी त्याची ही रीतही विसरले, आणि परीक्षकांच्या बाकावर बसल्यासारखे पुढं सरसावले.

"कोंबडीचे पाय?" गुरुजींनी विचारलं.

"तळल्यावर बर्फाच्या पाण्यात टाकलेत, पण लवकर काढलेत. कातडी फुगलीय, सुटली नाही हाडापासून. बरे आहेत."

"गोमांसाचे गोळे?"

तिनं चॉपस्टिकनं गोळा दाबून सोडला. तो परत वर आला. "हा एकाच दिशेनं ढवळलाय. हात न थांबवता. ज्यानं ढवळला त्याचे खांदे दुखत असणार. छान!" तिनं गोळा खाल्ला आणि दुसरा उचलला. वाय-तुंग मोजत नव्हता, पण त्याला दिसत होतं.

मग आली तांदळाच्या पातळ पारीची गुंडाळी, आत कुरकुरीत तळलेली कणकेची कांडी. लाय-हाननं घास घेतला आणि तो कर्रर्र आवाज टेबलापलीकडे ऐकू गेला. तिनं डोळे मिटले. "ऐका," ती म्हणाली. "वर लोण्यासारखं, आत कर्रर्र. ऐकलंत? हे जमलंय. याला म्हणतात जमलंय!"

शेजारच्या टेबलावरचे उठून बघायला लागले. पिंजरेवाला आपली करंडी घेऊनच आला. "ताई, माझ्याकडचं पण बघा जरा." एवढा गलका झाला, की सुंदरीनं आत जाऊन सांगितलं, आणि भटारखान्याचे मुख्य उस्ताद यिप स्वतः बाहेर आले. मोठं पोट, ओला अ‍ॅप्रन, कपाळावर घाम. चिडलेले.

"माझ्या हार-गाओत कुणाला दोष दिसला?"

वाय-तुंगनं बायकोकडे पाहिलं. बाई तसूभर हलली नाही.

"कोळंबी नळाखाली किती वेळ होती आज?" तिनं विचारलं.

यिप उस्तादांची नजर तिच्या हातांवर गेली. उजव्या तळव्याच्या कडेला सुरीच्या पात्याचा पिवळसर घट्टा होता, चौतीस वर्षांचा. उस्तादांच्या हातालाही तसाच होता.

"कुठं होतात?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"होयपिंगला. सरकारी चहाघरात."

"वीस मिनिटं धुतली फक्त," उस्ताद पुटपुटले. "एक माणूस आला नाही आज. बाहेर ही गर्दी. आणि वाफेवर घड्याळ बघायला कुणी नव्हतं. चुकलं." मग त्यांनी अ‍ॅप्रनला हात पुसले. "दहा मिनिटं बसाल? माझ्या हातची करतो. बर्फात ठेवलेली कोळंबी आहे, सकाळी पूर्ण धुतलेली, मालकाच्या पाहुण्यांसाठी. मालकाचे पाहुणे बसतील थांबून."

"मी कुठं जातेय," लाय-हान म्हणाली.

दहाची पंधरा मिनिटं झाली. तेवढ्यात कोपऱ्याकोपऱ्यातली माणसं टेबलाभोवती जमली. म्हाताऱ्यांचं कसं असतं, एकदा तमाशा लागला की गुडघे-कंबर कुणाचंच दुखत नाही. उस्तादांनी स्वतः करंडी आणून ठेवली आणि झाकण काढलं. चार हार-गाओ, पारीतून गुलाबी दिसणारे. माक गुरुजी वाकून कळ्या मोजायला लागले तशी तिनं त्यांच्या हातावर चॉपस्टिक मारली. "मोजता काय, गार होतील."

तिनं एक उचलला. चावला. टच. त्या गर्दीतसुद्धा ऐकू आलं, वाय-तुंग शपथेवर सांगेल. तिच्या गालावरून पाणी ओघळलं आणि ती चावतच राहिली, कितीतरी वेळ, गिळवत नसल्यासारखी.

"कसा आहे?" उस्तादांनी विचारलं. एवढा मोठा माणूस, पण हात मागं बांधून उभा.

"पारी जरा जाड," लाय-हान म्हणाली. "कोळंबी जमलीय."

उस्तादांनी दोन्ही हात वर केले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंजरेवाला सगळ्यांना सांगत सुटला, ऐकलं ना, मी इथंच उभा होतो. वाय-तुंगला काय करावं सुचेना. हसू येत होतं, रडू येत होतं, त्यानं गुरुजींचाच हात धरून गदागदा हलवला. त्याची बायको परत आली होती. चवीवाचून आली होती, अर्धी आली होती, पण तीच होती, पारी जाड म्हणणारी.

साडेदहा वाजले. दुसरी माणसं टेबलासाठी ताटकळत उभी होती. लॉजवरची खोली सोडायची होती, सामान बांधायचं होतं. वाय-तुंगनं छत्री उचलली आणि म्हणाला, "चल हान, निघायला हवं. दोनची गाडी आहे. खूप खाल्लंस आज, पोट बिघडेल."

लाय-हाननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पलीकडून येणाऱ्या गाडीवरच्या करंड्या बघत होती, मान उंच करून, एकेक झाकण डोळ्यांनी उघडत.

"बस खाली," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

वाय-तुंग बसला. छत्री त्यानं टेबलाखाली ठेवली आणि सुंदरीला हाक मारली.